हिंस्र उपरोधाला अपील कुठे? माहिती व प्रसारण मंत्र्यांना खुले पत्र

प्रति,
माननीय माहिती व प्रसारण मंत्री,
भारत सरकार, नवी दिल्ली

महोदय, सप्रेम नमस्कार.

पत्र मराठीत लिहितोय. चित्रपट प्रमाणन मंडळाचं, म्हणजे लोकांच्या भाषेत सेन्सॉर बोर्डाचं, मुख्यालय मुंबईत आहे, तेव्हा ते वाचून सांगणारं कुणी ना कुणी आपल्याला मिळेलच.

मागणी आधीच सांगून टाकतो. मंडळाचा निर्णय पटला नाही तर हायकोर्टाआधी जिथे दाद मागता यायची, ते २०२१ मध्ये गुंडाळलेलं चित्रपट प्रमाणन अपिलीय न्यायाधिकरण पुन्हा सुरू करा. मी पटकथा लिहितो. एका हिंस्र, उपरोधिक कादंबरीवर चित्रपट करावा म्हणून एका निर्मात्याकडे गेलो होतो. त्यांनी कादंबरी वाचली होती, त्यांना आवडलीही होती. त्यांनी विचारलं ते एवढंच, की मंडळाने अडवलं तर पुढे जायचं कुठे? हायकोर्टात, म्हणालो. तेवढ्यात चहा आला आणि विषय बदलला.

अशा कादंबरीचा चित्रपट कसा होतो, याचं मला ठाऊक असलेलं सगळ्यात बोलकं उदाहरण अमेरिकेतलं आहे. ब्रेट ईस्टन एलिस यांची 'अमेरिकन सायको'. काळ १९८०च्या दशकाचा, जागा न्यूयॉर्कची वॉल स्ट्रीट. पॅट्रिक बेटमन नावाचा तरुण बँकर आपला सूट, चष्मा, तोंडाला लावायची क्रीम हे सगळं ब्रँडच्या नावासकट पानंच्या पानं सांगत राहतो आणि त्याच सपाट आवाजात माणसं कशी मारली तेही सांगतो. सायमन अँड शूस्टर या प्रकाशनसंस्थेने १९९०च्या नोव्हेंबरमध्ये, पुस्तक बाजारात यायच्या तोंडावर, हात झटकले. मग ते 'व्हिंटेज'ने घेतलं आणि मार्च १९९१मध्ये छापलं. तो निर्णय घेणारे संपादक सनी मेहता, दिल्लीत जन्मलेले. अमेरिकेतल्या राष्ट्रीय स्त्री-संघटनेच्या लॉस एंजेलिस शाखेने बहिष्काराची हाक दिली. ऑस्ट्रेलियात हे पुस्तक प्लास्टिकमध्ये सीलबंद करून, फक्त अठरा वर्षांवरच्यांना विकलं जाऊ लागलं. त्यातली काही पानं मला आजही वाचवत नाहीत, आणि तेव्हा चिडलेल्या बायका उगाच चिडल्या होत्या असंही मी म्हणणार नाही.

चित्रपट आला तो २००० साली. दिग्दर्शन मेरी हॅरन यांचं, पटकथा त्यांची आणि गिनिव्हिअर टर्नर यांची. दोघीही बायका, हे मुद्दाम सांगतोय. मध्ये स्टुडिओला बेटमनच्या भूमिकेत लिओनार्डो डिकॅप्रिओ हवा झाला. हॅरन ख्रिश्चन बेलवर अडून बसल्या, काही काळ चित्रपटाबाहेर गेल्या आणि परत आल्या. टोरांटोत चित्रीकरण करायचं ठरलं तेव्हा तिथेही निषेध झाले.

या दोघींनी केलेलं काम कुठल्याही मंडळाने अभ्यासावं असं आहे. कादंबरीतले छळाचे तपशील पडद्यावर जसेच्या तसे आले असते तर उपरोध मेला असता आणि उरली असती फक्त किळस. कागदावर वाचक डोळे मिटू शकतो, पान उलटू शकतो. थिएटरच्या अंधारात समोर आलेलं दृश्य तसं उलटता येत नाही. म्हणून त्यांनी बहुतेक हिंसा चौकटीबाहेर नेली. कुऱ्हाडीच्या त्या प्रसिद्ध प्रसंगात बेटमन जमिनीवर वर्तमानपत्रं पसरतो, सुटावर पारदर्शक रेनकोट चढवतो आणि एका पॉप बँडच्या अल्बमवर अगदी समीक्षकाच्या थाटात भाषण झोडतो. कुऱ्हाड पडते तेव्हा आपल्याला दिसतो तो त्याचा अर्धा रक्ताळलेला चेहरा. मरणारा माणूस दिसतच नाही. आणि चित्रपटातला सगळ्यात हिंसक प्रसंग कोणता म्हणाल, तर काही पुरुष टेबलाशी बसून एकमेकांची व्हिजिटिंग कार्डं बघतात तो. दुसऱ्याच्या कार्डाचा कागद आणि त्यावरचा टाइप आपल्यापेक्षा सरस आहे, हे पाहून बेटमनला घाम फुटतो. तिथे रक्ताचा थेंब नाही. शेवटी तो आपल्या वकिलाला सगळं कबूल करतो, तर वकील त्यालाच भलता माणूस समजतो. त्या जगात एकाचं तोंड दुसऱ्यासारखंच असल्यामुळे कबुलीजबाबही वाया जातो.

आणि अमेरिकेच्या मानांकन मंडळाने काय अडवलं? कुऱ्हाड नाही. एक शय्यादृश्य. त्यावरून आधी सगळ्यात कडक एनसी-१७ श्रेणी दिली, ते काही सेकंद बदलल्यावर तिच्याखालची आर श्रेणी मिळाली. तेव्हा आपलंच मंडळ तेवढं आंधळं, असा माझा दावा नाही. मोजपट्टी घेऊन बसलेल्या कुणालाही हे होतं.

आपल्याकडची मोजपट्टी मात्र जास्त बारीक आहे. १९९१च्या मार्गदर्शक तत्त्वांत स्वच्छ लिहिलंय की चित्रपटाचा विचार समग्र परिणामाच्या दृष्टीने व्हावा. हातात पडणारी कट-लिस्ट मात्र सेकंदांत असते. अमुक दृश्य पन्नास टक्के कमी करा, तमुक शब्द म्यूट करा. उपरोधात हिंसेची लांबी हाच अर्थ असू शकतो. एखादं दृश्य नको इतकं लांबतं, आपलं हसू ओशाळतं, आणि मग आपण कशाला हसत होतो ते कळतं. ते अर्ध्यावर कापलं की उरतो तो नुसता विनोद किंवा नुसता मार. नायकाच्या मागे ढोल वाजवून केलेली कत्तल याउलट आरामात निभावते, कारण तिची लांबी कमी केली तरी तिचं काहीच बिघडत नाही. 'अ‍ॅनिमल' २०२३ मध्ये प्रौढांसाठीचं प्रमाणपत्र घेऊन देशभर चालला. चालावाच. पण पोलिसी क्रौर्याकडे थंडपणे बघणाऱ्या 'संतोष' या हिंदी चित्रपटाला आपल्याच देशात थिएटर मिळालं नाही, आणि २०२५ मध्ये 'चल हल्ला बोल' या मराठी चित्रपटातल्या नामदेव ढसाळांच्या कवितांवर आक्षेप निघाले. ढसाळांच्या! महाराष्ट्रात बसून हे वाचताना हसावं की रडावं कळेना. यावरून मला तरी असं दिसतं की अडचण रक्ताची नसतेच फारशी. कुणावर बोट रोखलंय, त्याची असते.

आपले अधिकारी एक मुद्दा नक्की काढतील, आणि तो पोकळ नाही. लोकांना उपरोध कळतोच असं नाही. बेटमनचंच बघा. ज्या पुरुषी घमेंडीची हॅरन यांनी चिरफाड केली, तिचाच आदर्श म्हणून आज इंटरनेटवरची पोरं बेटमनच्या क्लिप फिरवतात, त्याच्यासारखं सकाळी तोंड धुतात. ब्रिटनमध्ये 'अ क्लॉकवर्क ऑरेंज' या चित्रपटावर त्याची नक्कल करून झालेल्या गुन्ह्यांचं खापर फुटलं, तेव्हा त्याचे दिग्दर्शक स्टॅन्ली कुब्रिक यांनी स्वतःच तो तिथल्या थिएटरांतून काढून घ्यायला लावला. १९९९ मध्ये त्यांचं निधन होईपर्यंत तो तिथे अधिकृतपणे दाखवला गेला नाही. पण यावर कातर कशी चालवणार? फिरणाऱ्या क्लिपा हा कापलेलाच चित्रपट आहे. मागचापुढचा संदर्भ तोडून घेतलेले तीस सेकंद. कट-लिस्टही तेच करते.

आम्हा मराठी लोकांना या खेळाची जुनी सवय आहे. विजय तेंडुलकरांच्या 'गिधाडे'त साडीवर रक्ताचा लाल डाग दिसतो, म्हणून त्या काळी नाटकांच्या परिनिरीक्षण मंडळाने हरकत घेतली. डॉ. श्रीराम लागू आणि मंडळींनी डाग निळा केला आणि प्रेक्षकांना सांगून टाकलं, हा लाल समजा. मंडळाच्या हरकतीने त्या डागाकडे एरवी गेलं नसतं तेवढं लक्ष गेलं असणार. पुढे 'सखाराम बाइंडर'साठी कमलाकर सारंगांना कोर्टाची पायरी चढावी लागली. ते जिंकले, पण ती लढाई काय होती त्यावर त्यांचं अख्खं पुस्तक आहे. नाटकाचा सेट गोदामात पडून राहिला तर भाडं भरता येतं. चित्रपटाच्या कर्जावर व्याज चढत असतं, आणि ठरलेली तारीख गेली की थिएटर दुसऱ्याचं होतं.

म्हणून मधली पायरी लागते. ती, म्हणजे हे न्यायाधिकरण, १९८३ पासून होती. २०१७ मध्ये मंडळाने 'लिपस्टिक अंडर माय बुरखा'ला प्रमाणपत्रच नाकारलं. कारणांत कथा स्त्रीकेंद्री असल्याचाही समावेश होता. न्यायाधिकरणाने प्रौढांचं प्रमाणपत्र देऊन तो सोडवला. त्याआधी 'बँडिट क्वीन'मधली दृश्यंही न्यायाधिकरणानेच राखली होती, आणि १९९६ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने तो निर्णय उचलून धरताना म्हटलं होतं की सामाजिक दुष्प्रवृत्तीचे परिणाम दाखवायचे तर ती दुष्प्रवृत्तीही दाखवावीच लागते. तिथे बसणारी माणसं आख्खा चित्रपट बघून दोन्ही बाजू ऐकत आणि कारणं लिहून देत. एप्रिल २०२१ मध्ये एका वटहुकुमाने ते गेलं. तेव्हापासून प्रत्येक भांडण थेट उच्च न्यायालयात, जिथे जामीन अर्ज आणि जमिनीचे दावे आधीच रांगेत उभे आहेत.

२०२३च्या दुरुस्तीत आपल्या सरकारने पालकांच्या मार्गदर्शनाखाली बघायच्या यूए श्रेणीचे सात, तेरा आणि सोळा वर्षांवरचे असे टप्पे केले. चांगलं केलं. प्रमाणपत्र दहा वर्षांऐवजी कायमचं केलं, तेही चांगलं. पण श्याम बेनेगल समितीने २०१६ मध्ये वयाच्या टप्प्यांबरोबर आणखी दोन गोष्टी सुचवल्या होत्या. एक, मंडळाने कापू नये, फक्त श्रेणी ठरवावी. दोन, प्रौढांमध्येही 'सावधान' अशी वेगळी श्रेणी असावी. त्या दोन्ही राहून गेल्या. वेब मालिकांना २०२१च्या नियमांनुसार स्वतःच वयाची श्रेणी लावता येते. म्हणजे मी निवडलेली तीच कादंबरी फोनवर आठ भागांत न कापता दाखवता येईल, आणि तिकीट काढून, वय तपासून थिएटरात आलेल्या प्रौढ माणसाला मात्र कापून.

न्यायाधिकरण परत आणायला नवा विचार लागत नाही, जुनं कलम पुन्हा घालायचं आहे. सोबत एवढं करता आलं तर पाहा: 'अ', म्हणजे प्रौढांसाठीचं, प्रमाणपत्र दिलेल्या चित्रपटात कट सुचवला, तर समग्र परिणामाच्या तत्त्वाशी तो कसा जुळतो याचं लेखी कारण मंडळाने द्यावं आणि ते संकेतस्थळावर टाकावं. निर्णय काही का लागेना, कारण वाचता आलं तर पुढच्या पटकथेत काय जपायचं ते आम्हाला कळेल.

निर्मात्यांनी कादंबरीचे हक्क अजून सोडलेले नाहीत. आपलं उत्तर आलं की ते घेऊन मी पुन्हा त्यांच्याकडे जाईन.

आपला,
एक पटकथालेखक, पुणे