चारोळी चारच ओळींची असते

महोदय,

‘चार ओळी घेतल्या तर कॉपीराइटचा भंग होत नाही’ हा समज लेखक-शिक्षकांत आणि आता प्रोग्रामरांतही घट्ट रुजला आहे. १९५७च्या कॉपीराइट कायद्यात ओळींची वा शब्दांची अशी सूट कुठेही नाही. कलम १४ नुसार हक्क असतो तो संपूर्ण कृतीवर किंवा तिच्या महत्त्वाच्या भागावर. चारोळी उचलली की अख्खी कृतीच उचलली जाते. खालचे नाव कापून ती पुढे पाठवली, तर कर्ता म्हणून ओळखले जाण्याचा कलम ५७ मधला कवीचा हक्कही मोडतो. समीक्षेसाठी अवतरण देता येते, पण ती मुभा हेतूला आहे, ओळींच्या संख्येला नाही.

नुसत्या शीर्षकाला मात्र कॉपीराइट नाही; ‘देसी बॉइज’ चित्रपटाच्या नावावरील वादात सर्वोच्च न्यायालयाने २०१५ मध्ये हे स्पष्ट केले. उलट न्यायनिर्णय छापणाऱ्या एका प्रकाशनसंस्थेच्या २००७च्या मोडक खटल्यात न्यायनिर्णयांचा मूळ मजकूर सर्वांसाठी खुला ठरला, पण तिच्या संपादकांनी जाणतेपणाने पाडलेल्या परिच्छेदांना आणि त्यांच्या क्रमांकांना संरक्षण मिळाले. एवढ्याशा कामातही निवड आणि विचार दिसला, म्हणून.

संगणक प्रोग्राम कायद्याने साहित्यकृतीच आहे. लीप वर्ष ओळखायचे तर ४ ने भाग जावा, १०० ने जाऊ नये, ४०० ने गेल्यास चालेल. ही अट दहा जणांनी लिहिली तरी जवळपास सारखीच उतरते, त्यामुळे तिच्यावर कोणाचा हक्क सांगणे कठीण. पण छोटा कोड म्हणजे मोकळा कोड नव्हे. अमेरिकेत ओरॅकल-गूगल खटल्यात ‘रेंजचेक’ या अवघ्या नऊ ओळींच्या फंक्शनची नक्कल ज्यूरीने २०१२ मध्ये उल्लंघन ठरवली. अपील न्यायालयानेही ती क्षुल्लक मानली नाही. मुक्त सॉफ्टवेअर तयार करणारा ग्नू प्रकल्प सुमारे पंधरा ओळींखालचा बदल कायद्याच्या दृष्टीने नगण्य धरतो. तो त्यांचा कामापुरता ठोकताळा आहे, शिवाय एकाच व्यक्तीचे छोटे छोटे बदल तेही एकत्र मोजतात. हे दुसरे वाक्य सांगायचे नेमके राहून जाते.

नोंदणी नसली तरी हक्क लिहिल्या क्षणापासून असतो. म्हणून कोड घेताना त्याच्या वर टिप्पणीत मूळ दुवा, लेखकाचे नाव आणि परवाना तिथल्या तिथे लिहावा. स्टॅक ओव्हरफ्लो या प्रोग्रामरांच्या प्रश्नोत्तरांच्या संकेतस्थळावरील उत्तरे क्रिएटिव्ह कॉमन्स परवान्याखाली असतात आणि त्यात श्रेय देणे बंधनकारक आहे. मुक्त कोडसाठी वापरल्या जाणाऱ्या एमआयटी परवान्यातली कॉपीराइटची सूचनाही कोडबरोबर ठेवावी लागते. फाइल ‘साफ’ करताना सर्वांत आधी तीच उडते.

– एक वाचक, पुणे