हरलेल्यांना शिव्या कशाला?

मा. संपादक,
स. न. वि. वि.

मी सांगलीचा निवृत्त शिक्षक. सध्या मुलाकडे सिअ‍ॅटलजवळ मुक्कामाला आहे आणि आपला अंक इथेही रोज मोबाइलवर वाचतो. क्रिकेटमध्ये आपण हरलो की क्रीडापानावर 'नामुष्की', 'लोटांगण', 'नाक कापले' असे मथळे येतात. इतकी वर्षे ते वाचताना काही वाटले नाही. या दिवाळीत मात्र खटकले.

इथे लक्ष्मीपूजन २० ऑक्टोबर २०२५ च्या संध्याकाळी होते. नेमक्या त्याच वेळी टोरांटोत सिअ‍ॅटल मरिनर्स या बेसबॉल संघाचा टोरांटो ब्लू जेजशी उपांत्य मालिकेतला सातवा, निर्णायक सामना. जिंकले असते तर १९७७ साली सुरू झालेला हा संघ पहिल्यांदाच वर्ल्ड सिरीजला, म्हणजे अंतिम फेरीला गेला असता. बेसबॉलच्या मोठ्या लीगमधल्या तीस संघांपैकी तिथवर एकदाही न पोचलेला हा एकटाच. २००१ मध्ये मोसमात ११६ सामने जिंकले, तरी शेवटी न्यूयॉर्कच्या यांकीज संघाकडून हरले. त्यानंतर थेट २०२२ पर्यंत प्लेऑफचे, म्हणजे मोसमानंतरच्या बाद फेरीचे तोंडसुद्धा पाहिले नाही. यंदा त्यांच्या कॅल रॉलीने ६० होमरन (आपल्या षटकारासारखे, चेंडू मैदानाबाहेर टोलवणारे फटके) मारले, त्यामुळे गावभर निळ्या टोप्या दिसत होत्या.

माझ्या दहा वर्षांच्या नातवाने मला हा खेळ शिकवला. आरती आटोपून आम्ही टीव्हीसमोर बसलो. नऊपैकी सातव्या इनिंगपर्यंत मरिनर्सची ३-१ अशी आघाडी. मग टोरांटोचे दोन गडी बेसवर असताना जॉर्ज स्प्रिंगरने होमरन मारला, एका फटक्यात तीन धावा. ४-३. शेवटी मरिनर्सचा हुलिओ रॉड्रिगेझ बाद झाला तेव्हा पोराच्या मुठीत प्रसादाचा बत्तासा तसाच होता, पार चिकट होऊन गेलेला. तो रडला नाही. उठला, हात धुतले आणि पणत्यांत तेल घालायला आजीबरोबर बाहेर गेला.

दुसऱ्या दिवशी मला धास्ती होती. १९९६ ची ईडन गार्डन्सवरची, प्रेक्षकांनी बाटल्या फेकून बंद पाडलेली उपांत्य लढत मी विसरलेलो नाही. २००७ मध्ये विश्वचषकातून लवकर बाहेर पडलो तेव्हा रांचीत धोनीच्या बांधकाम चालू असलेल्या घरावर लोक चालून गेले होते. इथे सकाळी बसथांब्यावर पाहतो तो निम्मी पोरे मरिनर्सचाच शर्ट घालून उभी. शेजारचे आजोबा पहिल्या वर्षापासूनचे चाहते. तीच टोपी घालून अंगणातली पाने गोळा करत होते. राग त्यांनाही होताच. सातव्या इनिंगमध्ये आंद्रेस मुन्योझ या पिचरला (म्हणजे चेंडू टाकणाऱ्याला) का आणले नाही, ज्याच्या चेंडूवर तो होमरन बसला त्या एदुआर्द बझार्दोच्या हाती चेंडू का दिला, यावर ते तावातावाने बोलले. पण रोख सगळा निर्णयावर. बझार्दोबद्दल वाकडा शब्द नाही. उलट वर्षभर त्याने किती सामने सावरले, तेच सांगत राहिले. मग नातवाला म्हणाले, "डेट्रॉइटविरुद्ध पंधरा इनिंग चालली, त्या रात्री तू जागा होतास ना?" पोराचा चेहरा खुलला. आधीच्या फेरीतला, मरिनर्सनी जिंकलेला तो सामना जवळपास पाच तास चालला होता आणि घरी आम्ही कोणीच झोपलो नव्हतो.

इथले सगळे चाहते संत आहेत असे मी म्हणत नाही. २००३ मध्ये शिकागोत तिथल्या कब्ज संघाच्या एका साध्या प्रेक्षकाने सीमेजवळचा चेंडू पकडायला हात घातला, त्यात कब्जच्या खेळाडूचा झेल हुकला आणि पुढे सामना हरले, तर त्या बिचाऱ्याला शहरात तोंड दाखवणे मुश्कील झाले. यंदा ह्यूस्टनच्या लान्स मॅक्‌कलर्स या पिचरला त्याच्या मुलांना मारण्याच्या धमक्या आल्या. पोलिसांनी शोधले तर परदेशातला, पैज हरलेला माणूस निघाला. सट्टा आला की खेळाडू लोकांना स्वतःचा बुडालेला पैसा वाटू लागतो. आपल्याकडेही मोबाइलवर हा रोग घरोघरी पोचला आहे, म्हणून जास्त काळजी वाटते.

आपल्याला एवढीच विनंती की, पुढच्या पराभवानंतर मथळा देताना क्रीडापान वाचणारी दहा-बारा वर्षांची मुले डोळ्यांपुढे ठेवावीत. कुठे चुकले, कोणता निर्णय फसला, ते सविस्तर आणि कठोरपणे छापा. चाहत्यांची पत्रेही छापा, ती रात्र त्यांनी कशी काढली ते त्यांच्या शब्दांत येऊ द्या. फक्त तो 'नामुष्की' शब्द काढून टाका.

आपला,
एक जुना वाचक, सांगली
(सध्या मुक्काम सिअ‍ॅटल)