मधला चौकोन

पंचवटी, नाशिक

प्रिय मनू,
अनेक आशीर्वाद.

परवा फोनवर म्हणालीस, "आई, आता तरी सुई बाजूला ठेव, आराम कर." मी "बरं" म्हटलं आणि फोन ठेवून पुन्हा सुईत दोरा ओवला. तुझ्यापासून ते लपवायचं नाही, म्हणून हे पत्र.

चार दिवस झड लागली आहे. गोदावरीचं पाणी पात्रातल्या दुतोंड्या मारुतीच्या कमरेपर्यंत आलंय. रंगवलेलं कापड वाळत नाही, घरभर दोऱ्या बांधल्यात.

केमोनंतर माझ्या बोटांची टोकं बधिर झाली हे तुला ठाऊक आहे. ते कसं असतं, हे मात्र मी कधी नीट सांगितलं नाही. सुई बोटात आहे की खाली पडली, बघितल्याशिवाय कळायचं नाही. टोचली तरी कापडावर लाल ठिपका उमटल्यावरच समजायचं. तीस वर्षं ज्या बोटांच्या भरवशावर काम केलं, ती परक्याची वाटायची. माग तर झाकूनच ठेवला. पैठणीच्या पदरात एक मुनिया, म्हणजे इवलासा पोपट, भरायची म्हटली तरी ताण्याचे उभे धागे मोजत प्रत्येक रंगाची वेगळी तिल्ली, दोऱ्याची छोटी कांडी, फिरवायची. बोटांना दिसावं लागतं ते.

तू सात वर्षांची असताना आपण येवल्याला गेलो होतो, आठवतं? विणकरकाकांनी पदर उलटून दाखवला. दोन्हीकडे तीच नक्षी. तेव्हापासून मी माझ्या कामाची उलट बाजू आधी बघत आले. एक गाठ दिसली तरी उसवत आले.

आजारात आजीची गोधडी आठवली. जुनी लुगडी एकावर एक, साधा धावदोरा, कडेपासून आत चौकोनी फेऱ्या. ठरवलं, रोज हातभर लांबीचा एकच दोरा. संपला की उठायचं. नाशिककरांना पूर मोजायला मारुती आहे, तसा मला दिवस मोजायला तो दोरा झाला. पोटात ढवळायचं तेव्हा तोही अर्धाच राहायचा.

गोधडीनं बरी झाले असं मात्र कुणाला सांगू नकोस. बरी झाले औषधांनी, आणि बाबांनी पहाटे उठून केलेल्या पेजेनं. बोटांना अजून पुरती जाण नाही. गोधडीनं एवढंच केलं, की पुढच्या रिपोर्टऐवजी मी पुढच्या फेरीची वाट बघू लागले.

गेल्या महिन्यात रविवार कारंजावरून हिरडा, तुरटी आणली. त्यात कापड भिजवून डाळिंबाच्या सालींच्या काढ्यात टाकलं. घाईत कढई लोखंडी घेतली. पिवळा यायचा तो काळपट राखाडी आला. लोखंडानं रंग काळवंडतो हे मीच मुलींना शिकवते, आणि मीच विसरले! पूर्वी असं कापड टाकून दिलं असतं. खिडकीत धरलं तर बाहेरच्या आभाळाचाच रंग. गोधडीत घेतलं.

उलट बाजू तू आलीस की दाखवीन. कडेचे टाके लांब-आखूड, वाकडे. आत येता येता सरळ होत गेलेत. एकही उसवला नाही. आता मध्ये वीतभर चौकोन उरलाय. तुझा तो निळा सुती कुर्ता, कोपरावर विरलेला, टाकला नसशील तर दिवाळीला येताना घेऊन ये. धुऊन आण, इस्त्री नको.

तुझी,
आई