पाटात गेलेला प्रसंग

चि. मुक्ता,
अनेक आशीर्वाद.

तुझी गोष्ट मिळाली. रूमवर गलका असतो, मूड लागत नाही, पाच महिन्यांत आठच पानं झाली, हेही वाचलं. मूडचं मला विचारू नकोस. सध्या थ्री फेज लाइन रात्री बाराला येते. मोटार सुरू करायची आणि गव्हाचा वाफा भरेपर्यंत बांधावर बसायचं. तेवढ्यात जे सुचेल ते बॅटरीच्या उजेडात, जिनिंगच्या जुन्या पावत्यांच्या पाठीवर. पाण्याची दारं मोडायला, म्हणजे पाणी पुढच्या वाफ्यात वळवायला उठताना वाक्य अर्धंच सोडतो, मुद्दाम. परत आलो की त्याच शेपटाला धरून पुढं जाता येतं. (मागच्या आठवड्यात एक अख्खा प्रसंग पाटात गेला. बरंच झालं, फार रडका होता.)

साने गुरुजींनी नाशिकच्या तुरुंगात पाच दिवसांत 'श्यामची आई' लिहिली, असं तू फोनवर ऐकवलंस. खरंय, 9 ते 13 फेब्रुवारी 1933. पण त्याआधीची वर्षं आपल्या अमळनेरातली. 1924 साली ते इथं शिक्षक म्हणून आले, पुढं वसतिगृह सांभाळलं, आणि तिथल्या मुलांसाठी 'छात्रालय' नावाचं दैनिक हातानं लिहून काढत. दैनिक, बरं का! मुलांना रोज वाचायला हवं म्हणजे रोज लिहिणं आलंच. ते कोण धरतं हिशेबात?

आता तुझी आजी. गोष्टीतली. ती म्हणते, 'मला या घरात एकाकी वाटतं.' माझंही असंच झालं होतं. विधवा म्हातारीच्या तोंडी पानभर दुःख घातलं आणि तुझ्या आईला वाचून दाखवलं. ती कांदा चिरता चिरता म्हणाली, "हाई डोकरी पेपर वाचीसन बोली राह्यनी का?" दोन दिवस रुसलो. मग पान फाडलं. आता म्हातारी काहीच बोलत नाही, फक्त दोन ताटं मांडते आणि एक परत फळीवर ठेवते. आई ऐकून गप्प बसली, तेव्हा समजलो.

तुझं ते वाक्य रात्री तिला वाचून दाखवणार आहे. काय म्हणाली ते कळवतो. एसटीनं शेवभाजीचा मसाला पाठवलाय, डबा परत आण.

तुझा,
दादा