कोंबडीला आधी नीट बघा, गोळी नंतर

संपादक महोदय,
सप्रेम नमस्कार.

रविवारच्या पुरवणीतला परसातल्या कोंबड्यांवरचा लेख वाचला. खुराडं कसं असावं वगैरे भाग चांगलाच होता, पण शेवटच्या चौकटीत कोंबडी अंडी द्यायची थांबली तर पाण्यातून अँटिबायोटिक द्या असा जो सल्ला एका ओळीत उरकलाय तो वाचून राहवलं नाही म्हणून लिहितेय. अहो, कशासाठी द्यायचं? तिला झालंय काय ते तर आधी कळू दे.

अंडी थांबली म्हणजे कोंबडी आजारी असं धरून चालणंच मुळात चूक आहे. तब्येतीनं ठणठणीत कोंबडीसुद्धा थांबते. नियमित अंडी द्यायला तिला साधारण १४ ते १६ तास उजेड लागतो, दिवस लहान झाला की अंडी कमी होतात. पिसं गळायला लागली की दोन-तीन महिने अंडी विसरायचीच, कारण पीस म्हणजे जवळजवळ सगळं प्रोटीनच, ते नवीन उगवायचं आणि वर अंडीही द्यायची हे तिला झेपत नाही. खुडूक झाली असेल, म्हणजे अंडी उबवायला बसली असेल, तर ती अंडी घालायच्या पेटीतून उठणारच नाही आणि हात लावलात तर चोच मारेल. वय हेही कारण आहेच, पहिल्या-दुसऱ्या वर्षानंतर अंडी कमी होत जातात पण कोंबडी त्यानंतर कितीतरी वर्षं मजेत जगते. (मग तिला ठेवायची की नाही हा ज्याचा त्याचा प्रश्न, माझं मत विचाराल तर ठेवा.) आणि कधीकधी बाईसाहेब रोज अंडी देतच असतात, फक्त तुमच्या पेटीत नाही तर लाकडांच्या ढिगामागे. शंका असेल तर शेपटीखाली हात लावून बघा, अंडी देणाऱ्या कोंबडीच्या तिथल्या दोन टोकदार हाडांमध्ये दोन-तीन बोटं मावतात आणि गुदद्वार ओलसर, मऊ असतं, बंद झालेलीची हाडं जवळ आलेली असतात आणि तो भाग कोरडा, आवळलेला लागतो.

खरी आजारी कोंबडी वेगळी दिसते, पण ती उशिरा दिसते हीच गोची आहे. शिकार होणारा पक्षी आजारपण लपवतो, त्यामुळे पिसं फुगवून, शेपूट खाली टाकून, डोळे मिटून कोपऱ्यात उभी राहिली की समजायचं दुखणं आज सुरू झालेलं नाही. तिला उचला. छातीचं मधलं हाड सुरीसारखं हाताला लागलं तर ती बरेच दिवस खात नाहीये. गळ्याखालची दाण्याची पिशवी सकाळी, काही खायच्या आधी चाचपा, रात्री भरलेली पिशवी सकाळपर्यंत रिकामी व्हायला हवी, दगडासारखी कडक किंवा पाणी भरल्यासारखी लिबलिबीत असेल आणि चोचीला आंबूस वास येत असेल तर गडबड तिथेच आहे. अशा वेळी तिला उलटं धरून पिशवी रिकामी करायचा उद्योग लोक करतात तो कृपा करून करू नका, ते पाणी श्वासनलिकेत गेलं की कोंबडी हातातच जाते. तुरा पांढुरका पडला असेल तर रात्री टॉर्च घेऊन खुराड्याच्या फटी बघा, लाल माइट दिवसा फटीत लपतात आणि रात्री येऊन रक्त पितात. तिथं काम आहे खुराडं साफ करण्याचं, अँटिबायोटिक काय करणार?

अंडं अडकणं हा प्रकार मात्र प्रत्येक कोंबडीवाल्याला ओळखता आलाच पाहिजे. कोंबडी पेटीत सारखी जाते-येते, कुंथते, शेपूट खालीवर हलवते आणि काहीच येत नाही. एक अंडं तयार व्हायला साधारण २४ ते २६ तास लागतात, त्यातले जवळपास २० तास नुसत्या कवचावर जातात आणि त्या कवचात दोनेक ग्रॅम कॅल्शियम असतं. गंमत अशी की अंडं बाहेर ढकलणाऱ्या स्नायूंनाही कॅल्शियमच लागतं, म्हणजे ते कमी पडलं की कवचही पातळ होतं आणि ढकलायची ताकदही जाते. कोमट पाण्यात मागचा भाग वीसेक मिनिटं बुडवून ठेवायचा, पुसून कोरडी करून ऊबदार, अंधाऱ्या जागी ठेवायची, कॅल्शियम द्यायचं आणि तिला एकटं सोडायचं. पोट दाबायचं नाही, आत बोटं घालून अंडं फोडायचं तर अजिबात नाही, कवचाच्या धारेनं आतून जखम होते. तेवढ्यानं काही तासांत अंडं आलं नाही किंवा ती मलूल होत चालली तर डॉक्टरकडेच. तसंच पोट पाण्यानं भरल्यासारखं मऊ लागत असेल आणि ती पेंग्विनसारखी ताठ उभी राहत असेल तर बलक अंडनलिकेत न जाता पोटात पडून संसर्ग झालेला असू शकतो, ते घरी बरं होत नाही.

बाकी घरची शुश्रूषा साधी आहे. वेगळी ठेवा, पण इतरांचा आवाज ऐकू येईल अशी, नाहीतर ती आणखी खंगते आणि परत सोडल्यावर बाकीच्या तिला टोचून काढतात. ऊब द्या, दाणा-पाणी तिच्या जवळच ठेवा, तिचंच खाद्य पाण्यात भिजवून मऊ करून द्या. पाणी चोच उघडून ओतू नका, जिभेच्या मागेच श्वासनलिकेचं तोंड असतं, चोचीच्या कडेला एकेक थेंब सोडा, ती स्वतः पिते. कॅल्शियमसाठी शिंपल्याचा चुरा वेगळ्या वाटीत ठेवा, जिला हवा ती खाईल.

आता त्या अँटिबायोटिककडे येते. मानमोडी, ब्राँकायटिस, मॅरेक्स हे सगळे व्हायरसचे रोग, त्या व्हायरसवर ते चालतच नाही. आणि बलक भराभर वाढायला साधारण दहा दिवस लागतात, त्या काळात दिलेलं औषध बलकात उतरू शकतं, म्हणजे कोंबडी बरी होऊन अंडी द्यायला लागली तरी ते औषध घरातली पोरं खाणार. कोंबड्यांना सर्रास दिलं जाणारं एन्रोफ्लॉक्सासिन हे अँटिबायोटिक अमेरिकेनं २००५ मध्ये कोंबड्यांसाठी बंद केलं ते याच वर्गातली माणसांची औषधं निकामी व्हायला लागली म्हणून. अँटिबायोटिक कधीच नको असं मी म्हणत नाही, पण ते डॉक्टरनं बघून, आजार ठरवून द्यायचं असतं.

एक गोष्ट तुमच्या लेखात यायलाच हवी होती. एकाच वेळी बऱ्याच कोंबड्या पटापट मरायला लागल्या, तोंड सुजलं, तुरा निळा-जांभळा पडला तर घरगुती उपचार करत बसायचं नाही, मेलेल्या कोंबड्यांना उघड्या हातानं शिवायचं नाही, त्या खायच्या-विकायच्या नाहीत, सरळ पशुसंवर्धन खात्याला कळवायचं.

तेव्हा विनंती एवढीच की ती चौकट दुरुस्त करून परत छापा, आणि पक्ष्यांवर उपचार करणाऱ्या डॉक्टरांकडून लिहून घ्या. त्यात एखाद्या औषधाचं नाव येणारच असेल तर ते दिल्यावर अंडी किती दिवस फेकून द्यायची तो आकडाही त्याच ओळीत द्या.

आपली,
एक नियमित वाचक