चोरपावलांनी

लाइपझिग, 15 फेब्रुवारी 2026
महाशिवरात्र

ती. बाबा आणि सौ. आईस,
शि. सा. न. वि. वि.

पत्र मुद्दाम हाताने लिहिलंय. फोटो काढून अमोलच्या फोनवर पाठवते, त्याने मोठं करून दाखवावं. आधी अक्षर बघा. 2023 च्या पावसाळ्यात आमवाताचं दुखणं सुरू झालं तेव्हा मला सही करायलासुद्धा पेन मुठीत धरावं लागत होतं. आज हे तिसरं पान आहे आणि बोटं ठीक आहेत. आई, तू रोज फोनवर विचारतेस ना, "खरं सांग, हात कसे आहेत?" हे खरं.

तुझे बाकीचे प्रश्न. जेवते. झोपते. स्वेटर घालते. आज उपवास धरला, पण गोळी रिकाम्या पोटी घ्यायची नसते म्हणून सकाळी सातला दूध-केळं घेऊन मग गोळी घेतली. साबुदाणा इथल्या आशियाई दुकानात मिळतो. भिजायला वेळ लागतो एवढंच.

थंडी उणे 4 आहे. तरी खिडकी उघडते, आणि हे तुला समजावून सांगितलंच पाहिजे, कारण परवा व्हिडिओ कॉलवर तू ओरडलीस. इथे याला 'लुफ्टेन' म्हणतात. सकाळी उठल्यावर आणि रात्री झोपण्याआधी हीटर बंद करून खिडक्या सताड उघडायच्या, पाच ते दहा मिनिटं, मग घट्ट लावून हीटर पुन्हा चालू. किलकिली ठेवलेली चालत नाही, त्याने भिंत गार पडते आणि हवा बदलत नाही. घरं इतकी बंदिस्त बांधलेली असतात की आपल्या श्वासाची, अंघोळीची, कुकरची वाफ भिंतीत मुरते आणि कोपऱ्यात काळी बुरशी धरते. माझ्या भाडेकरारातच हे लिहिलंय. शेजारच्या आजी तर बर्फ पडत असताना रजईसुद्धा खिडकीच्या कठड्यावर टाकतात. पहिल्या वर्षी मलाही वाटायचं की ही माणसं स्वतःहून आजार ओढवून घेतात. पण आई, वारं लागून माझे सांधे दुखत नाहीत. हा आमवात आतून येतो. शरीराची राखण करणारी यंत्रणाच सांध्यांवर उलटते, खिडकीचा त्यात काही दोष नाही.

उलट ही खिडकीच माझं मोजमाप आहे. तिची मूठ खाली असली की बंद, आडवी केली की उघडते, वर केली की वरून तिरकी होते. मूठ जड आहे. जानेवारीत एका सकाळी ती माझ्या उजव्या हाताने फिरेना. डाव्या हाताचा टेकू देऊन फिरवली. तुम्हाला हे तेव्हा सांगितलं नाही. आता सांगते, कारण आता ती एका हाताने फिरते.

झालं असं होतं. सुरुवातीला मला प्रेडनिसोलोन हे स्टेरॉइड 15 मिलिग्रॅम होतं, ते 2023 संपेपर्यंत 5 वर आलं आणि पुढे दीड वर्षाहून जास्त 5 वरच राहिलं. मूळ औषध मेथोट्रेक्सेट, ते आठवड्यातून एकदाच, आणि ते चालूच आहे. गेल्या सप्टेंबरात डॉक्टर म्हणाल्या, आता स्टेरॉइड सोडूया. 5 चे 4 केले, काही जाणवलं नाही. नोव्हेंबरात 3. तेही निभावलं. जानेवारीत 2 वर आले आणि चौथ्या दिवसापासून अंग मोडून आलं. दुपारी ऑफिसात डोळे मिटायचे, उठून उभं राहिलं की भोवळ यायची, मनगटं ठणकायची. मला वाटलं, गेलं सगळं, दुखणं परत आलं. डबीतून 1 मिलिग्रॅमची जास्तीची गोळी काढून तळहातावर ठेवली होती. घेतली नाही. आधी फोन केला.

डॉक्टरांनी पहिला प्रश्न विचारला, सूज आहे का? नुसतं दुखतंय की सांधा फुगलाय? सकाळी आखडलेपण तासभराच्या वर टिकतं का? सूज नव्हती, आखडलेपण वीस मिनिटांत जायचं. दुसऱ्या दिवशी रक्त तपासलं, अंगातली सूज दाखवणारा सीआरपी ठीक आला. म्हणजे आमवात उसळला नव्हता, शरीर गोळीची आठवण काढत होतं. त्यांनी सकाळी आठला कॉर्टिसोलही, म्हणजे शरीर स्वतः बनवतं ते स्टेरॉइड, तपासून घेतलं. ते अगदी तळाला नव्हतं, म्हणून 2 वरच थांबायला सांगितलं. तिसऱ्या आठवड्यात अंग सुटलं.

आई, तू म्हणतेस, "एवढीशी गोळी, ती सोडायला सहा महिने कशाला? विषच आहे तर टाकून दे." मावशीनेही तेच सांगितलं. मावशीला माझा नमस्कार सांग आणि हेही सांग. मूत्रपिंडांवर टोपीसारख्या दोन ग्रंथी असतात. त्या रोज स्वतः कॉर्टिसोल बनवतात, साधारण आपल्या 5 मिलिग्रॅम गोळीइतकं. बाहेरून रोज आयतं मिळायला लागलं की त्या काम थांबवतात. गोळी एकदम टाकून दिली तर शरीराकडे बाहेरचंही नाही आणि घरचंही नाही. रक्तदाब पडतो, उलट्या होतात, ताप किंवा ऑपरेशन अशा वेळी तर जिवावर बेतू शकतं. इथले डॉक्टर या सोडण्याला 'आउसश्लाइखेन' म्हणतात, म्हणजे चोरपावलांनी बाहेर पडणं. तान्हं बाळ झोपलं की आपण पाऊल न वाजवता खोलीतून निघतो ना, तसं. दुखणं झोपलेलं ठेवायचं आणि ग्रंथींना जागं करायचं, दोन्ही एकाच वेळी. माझ्या पाकिटात एक कार्ड असतं, मी स्टेरॉइडवर आहे असं त्यावर लिहिलंय. ताप आला तर त्या दिवसांत डोस वाढवायचा, कमी करायचा नाही, हेही ठरवून ठेवलंय.

बाबा, तुम्हाला माहिती लागते म्हणून. 1948 साली अमेरिकेत मेयो क्लिनिकमध्ये फिलिप हेंच यांनी आमवाताने जखडलेल्या एका बाईला पहिल्यांदा याच जातीचं औषध, कॉर्टिसोन, टोचलं. ती 29 वर्षांची होती, माझ्याच वयाची. काही दिवसांत ती चालत बाजारात गेली. 1950 साली हेंच यांना आणखी दोघा शास्त्रज्ञांबरोबर नोबेल मिळालं. मग हळूहळू दुसरी बाजू दिसली: हाडं ठिसूळ होणं, साखर, मोतीबिंदू. म्हणून ते विषही नाही आणि जन्मभर घ्यायचा खाऊही नाही. 2020 साली बर्लिनच्या शारिटे रुग्णालयातल्या डॉक्टरांच्या पुढाकाराने झालेला एक अभ्यास 'द लॅन्सेट'मध्ये छापून आला. आमवाताचे 259 रुग्ण होते, निम्म्यांनी 5 मिलिग्रॅम तसंच ठेवलं, निम्म्यांनी हळूहळू शून्यावर आणलं. सोडणाऱ्यांपैकी 65 टक्क्यांचं नीट जमलं, ठेवणाऱ्यांपैकी 77 टक्के ठीक राहिले. त्यांचं मूळ औषध माझ्याहून वेगळं होतं. पण तीनातल्या दोघांना जमतं, हे मला पुरेसं आहे. नाही जमलं तर 2 वर राहीन, त्यात हार नाही.

आता जे फोनवर नीट बोलता आलं नाही ते.

बाबा, दिवाळीनंतर कॉलवर तुमचा चेहरा भरलेला दिसायला लागला. आई खूश होती, "यांची भूक वाढली, तब्येत धरली, गुडघे तर दुखतच नाहीत." मी तुमच्या गालांकडे बघत होते. तसे स्टेरॉइडने फुगलेले गाल मी 2023 मध्ये रोज आरशात बघितलेत. तेव्हाच विचारायला हवं होतं. मी दोन महिने गप्प बसले, कारण द्राक्षाची छाटणी नीट पार पडली होती, तुम्ही बागेत उभे राहत होता, आणि मी तिथे नव्हते. संक्रांतीला आईच्या तोंडून गुडघ्यांसाठी घेतलेल्या त्या बाजारातल्या पुड्यांचं निघालं. कागदावर नाव नाही, घटक नाहीत, दिवसाला दोन. मी घाबरले आणि ओरडले, "उद्यापासून बंद करा, फेकून द्या."

ज्या पोरीला स्वतःची 1 मिलिग्रॅम सोडायला दोन महिने लागतात, तिने हे सांगितलं. तुम्ही माझा शब्द मानलात. कधी नव्हे ते लगेच ऐकलंत, आणि तिसऱ्या दिवशी पहाटे गोठ्यात भोवळ येऊन बसलात. अमोलने त्याच दिवशी मिरजेला नेलं म्हणून निभावलं. कॉर्टिसोल अगदी खाली, साखर वाढलेली. आई म्हणते, "तुझा काही दोष नाही, तू भल्यासाठीच सांगितलंस." आई, दोष आहे. मला माहीत होतं. भीतीच्या भरात माहीत असलेलं डोक्यातून निघून गेलं. माझं चुकलं, बाबा.

म्हणून सगळं इतकं सविस्तर लिहिलंय. मिरजेच्या डॉक्टरांनी मोजून गोळ्या दिल्यात, त्या बरं वाटलं म्हणून मध्येच बंद करायच्या नाहीत, आणि गुडघा दुखला म्हणून पुडीकडे परत जायचं नाही. द्राक्षाचा माल उतरेपर्यंत "नंतर बघू" असं करू नका. उरलेली पुडी आणि कागद पुढच्या खेपेला डॉक्टरांना दाखवायला न्या.

पैशांचं. काल 45,000 पाठवलेत, सोमवार-मंगळवारी जमा होतील. त्यातून बाबांची हाडांची घनता तपासायची आणि साखरेच्या तपासण्या. सोसायटीच्या हप्त्यात घालू नका, त्याचं एप्रिलमध्ये वेगळं पाठवते. माझ्याकडे आहेत. इथे विमा आहे, औषधाच्या एका पाकिटाला 5 ते 10 युरो पडतात, त्यापलीकडे नाही. तुम्ही दोघं माझ्या खर्चाचा विचार करून गप्प बसता, ते नको.

आणि काकूंनी आणलेलं पुण्याचं स्थळ. आई, तू म्हणालीस आजाराचं इतक्यात सांगू नकोस, लग्न ठरल्यावर बघू. मी सांगितलं. पहिल्याच फोनवर. आमवात आहे, औषध बरीच वर्षं चालेल, मेथोट्रेक्सेट चालू असताना मूल होऊ द्यायचं नसतं, त्याआधी डॉक्टरांना विचारून औषध बदलावं लागतं. तो नीट ऐकत होता. "घरी बोलून सांगतो" म्हणाला. त्याला नऊ दिवस झाले. काकूंना लाजिरवाणं झालं असेल तर माझ्या वतीने माफी माग. नाही आला फोन तर मला वाईट वाटणार नाही असं लिहीत नाही, वाटेल. पण लपवून कुणाच्या घरी गेले असते तर रोज सकाळी गोळी कुठे उभी राहून घेतली असती?

मेमध्ये यायचं बघते. अजून रजा पक्की नाही, तिकीट काढलं की सांगेन. तेव्हा बेदाणा शेडवर असेल ना? माझ्यासाठी दोन किलो बाजूला ठेवा.

अमोलला आशीर्वाद, काकूंना नमस्कार.

तुमची,
वैशू

ता. क. बाबा, इथे माझ्या भिंतीवर कालनिर्णय आहे, डोस बदलायच्या तारखेला लाल गोल. तुमच्या स्वयंपाकघरातल्या कालनिर्णयवर अमोलकडून तसेच गोल काढून घ्या. माझा पुढचा 8 मार्चला आहे. तुमचा कधी आहे ते रविवारी कॉलवर कॅलेंडर कॅमेऱ्यासमोर धरून दाखवा.