सगळीच जुनी काच बेल्जियमची नसते हो!

मा. संपादक,
स. न. वि. वि.

गेल्या रविवारच्या पुरवणीत वाड्यांमधल्या जुन्या वस्तूंवर लेख आला होता, तो आवडला, फोटो पण छान होते. पण त्यातल्या पिवळट काचेच्या डिशखाली "बेल्जियम काच" असं छापलेलं बघून राहवलं नाही म्हणून लिहितेय. आपल्याकडे हे एक होऊनच बसलंय, काच जुनी आणि जाड दिसली की झाली बेल्जियमची. आरसा बेल्जियमचा, हंड्या बेल्जियमच्या, झुंबर बेल्जियमचं आणि आता लोणच्याची वाटी पण बेल्जियमची. तिकडे काच होत नव्हती असं नाही, लीज गावाजवळचा वाल सँ लाँबेर हा कारखाना 1826 पासूनचा आणि चांगला नावाजलेला आहे, पण म्हणून सगळ्यांच्या फडताळात तिथलाच माल कसा असेल?

आमच्याकडे अगदी तशीच एक डिश आहे. आजेसासूबाईंची. मधे लिंबासारखी पिवळी आणि कडेला दुधाळ पांढरी होत गेलेली. दिवाळीत तिच्यात अनारसे आणि एरवी किल्ल्या नि सुट्टे पैसे. घरात सगळे तिला बेल्जियमचीच म्हणायचे. जुन्या बाजारातला एक दुकानदारही बघून "बेल्जियम आहे मॅडम, चार हजार देतो" म्हणाला, त्याने ती उलटी करून पण बघितली नाही. तळाशी काचेतच उठावाची बारीक अक्षरं आहेत, इंग्रजी आर आणि डी आणि पुढे नंबर 130643. आमचे दीर म्हणाले पोस्टातली आरडी असेल, मॅच्युअर झाली का बघ!

तर ती आरडी म्हणजे रजिस्टर्ड डिझाइन, इंग्लंडची पद्धत. कुणी आपलं डिझाइन चोरू नये म्हणून कारखानदार ते सरकारात नोंदवायचे आणि तो नंबर साच्यातच कोरायचे. 1842 ते 1883 नंबराऐवजी पत्त्यातल्या चौकटच्या आकाराची एक खूण असायची, तिच्या वरच्या टोकाला गोलात रोमन तीन असेल तर माल काचेचा. 1884 पासून एकपासून सरळ नंबर सुरू झाले. 1889 च्या जानेवारीतला पहिला नंबर 116648 आणि 1890 चा 141273, म्हणजे आमचा मधे बसतो, साल 1889. ही सगळी रजिस्टरं लंडनमधे क्यू इथल्या नॅशनल आर्काइव्ह्जमधे जपून ठेवलीयत. आणि हा नंबर निघाला जॉर्ज डेव्हिडसन यांच्या कारखान्याचा, इंग्लंडच्या उत्तरेला टाइन नदीवरचं गेट्सहेड गाव, तिथला. संग्राहक या डिझाइनला ब्राइड्सहेड म्हणतात. बेल्जियम राहिलं समुद्रापलीकडे. एक मात्र लक्षात ठेवायचं, साल डिझाइन नोंदवल्याचं असतं, तोच साचा पुढे काही वर्षं चालवलेला असू शकतो, त्यामुळे आमची डिश नक्की त्याच वर्षीची असं मी छातीठोक सांगणार नाही.

रंगाची गोष्ट तर फारच मजेशीर आहे. पिवळा आणि पांढरा असे दोन रस ओतलेलेच नाहीत, काच एकच. साच्यात दाबून डिश काढली की तिची कड परत भट्टीच्या तोंडाशी धरायची, जिथे पुन्हा ताप लागेल तिथे काच दुधाळ होते, मधे तशीच राहते. डेव्हिडसनांनी याचं पेटंट 1889 मधेच घेतलं, पर्लाइन नावाने. निळी पण असायची, पिवळीला प्रिमरोज म्हणायचे आणि तिच्यात थोडं युरेनियम असतं. भाचीच्या दुकानात नोटा तपासायचा जांभळा दिवा आहे त्याच्याखाली धरली तर डिश हिरवीगार चमकली, जाऊबाई दोन पावलं मागे सरकल्या! घाबरायचं काही नाही, प्रमाण अगदी कमी असतं, पण आता अनारसे मी स्टीलच्या ताटात ठेवते.

नंबर नसला तरी बघण्यासारखं बरंच असतं. साच्यात दाबलेल्या काचेला बहुतेक वेळा बाहेरून नक्षी आणि आतून गुळगुळीत, कारण वितळलेला रस लोखंडी साच्यात टाकून वरून दट्ट्या दाबतात. साच्याचे भाग जिथे जुळतात तिथे बारीक शिवण दिसते. हाताने कापलेल्या नक्षीच्या कडा बोटाला टोचतात, साच्यातल्या काचेच्या बोथट लागतात. खुणा पण असतात, गेट्सहेडच्याच सोवर्बी कारखान्याचं मोराचं डोकं, डेव्हिडसनचा बुरुजातून वर आलेला सिंह, सुंदरलंडच्या ग्रीनरचा पण सिंहच पण त्याच्या हातात आधी चांदणी आणि नंतर परशू. आपल्या फिरोजाबादच्या जैन ग्लास वर्क्सच्या जुन्या चमकदार ग्लासांच्या आणि फुलदाण्यांच्या तळाला इंग्रजीत जैन असं असतं, ते परदेशात लोक हौसेने गोळा करतात.

खरं सांगू का, नंबराचा छडा लागायच्या आधी मला वाटत होतं ही डिश आपल्या ओगल्यांच्या काच कारखान्यातली निघावी. माझं माहेर कराडजवळचं, त्यांच्याच प्रभाकर कंदिलाच्या उजेडात आमच्या वडिलांचा अभ्यास झाला. ओगलेवाडीचा कारखाना 1916 चा. त्याच्याही आधी 1908 मधे तळेगावला पैसा फंडाचा काच कारखाना निघाला, अंताजी दामोदर काळ्यांनी दारोदार एकेक पैसा मागून उभा केलेला फंड, पाठीशी टिळक. गेट्सहेडच्या डिशचा कारखानदार मला सातारला खुर्चीत बसून सापडला, मग आपल्याच तळेगावची बरणी कुणाला ओळखता येऊ नये हे बरं दिसतं का? म्हणून वाटतं तुम्ही पुरवणीत कोपराभर जागा द्यावी. ज्यांच्या घरी तळेगावची किंवा ओगलेवाडीची म्हणून सांगितली जाणारी बरणी, चिमणी, दौत असेल त्यांनी तळाचा फोटो आणि ती घरात कुठून आली ते दोन ओळीत पाठवावं. अक्षरं पुसट असतील तर थोडी टाल्कम पावडर चोळून जास्तीची पुसून टाकायची, उठून दिसतात. घासणी नको.

आणि पुरवणीतल्या त्या डिशचे मालक ओळखीचे असतील तर त्यांना तेवढी उपडी करून बघायला सांगा, नंबर असला तर मला कळवा.

आपली एक वाचक,
सातारा